व्यक्तिमत्त्व-प्रकार विश्लेषण (दूरचित्रवाणीवरील गुप्तहेर)

मालिकेतील काल्पनिक गुप्तहेराचे बोलणे, सवयी व तर्काची पद्धत पाहून त्याला एखाद्या व्यक्तिमत्त्व-प्रकारात बसवणे. त्यासाठी बहुधा मायर्स-ब्रिग्ज सूची या प्रश्नावलीतील सोळा प्रकार घेतात.

या सूचीचे मूळ कार्ल युंग यांच्या १९२१ च्या जर्मन ग्रंथात आहे. अंतर्मुख-बहिर्मुख या दोन वृत्ती आणि विचार, भावना, संवेदन, अंतःप्रज्ञा ही चार कार्ये यांतून युंग यांचे आठच प्रकार होतात. कॅथरिन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी निर्णय-आकलन ही जोडी वाढवली, तेव्हा सोळा झाले. चरकसंहितेच्या शारीरस्थानातही सत्त्वाचे, म्हणजे मनोवृत्तीचे, सोळाच भेद आहेत : सात सात्त्विक, सहा राजस, तीन तामस. त्यामुळे दोहोंत नाते जोडण्याचा मोह होतो. दृढबल या नंतरच्या संपादकाने पूर्ण केलेल्या भागात शारीरस्थान येत नाही, म्हणून हे भेद संहितेच्या जुन्या थरातले मानणे अधिक सयुक्तिक. तो थर ढोबळमानाने इसवी सनाच्या आगेमागे ठेवतात. मात्र चरकाची बेरीज सात-सहा-तीन अशी विषम आहे, तर सूचीतील सोळा म्हणजे चार जोड्यांतून प्रत्येकी एक निवड, अर्थात दोनाचा चौथा घात. साम्य आकड्यापुरतेच दिसते.

सूचीवरचा नेहमीचा आक्षेप असा, की बहुतेकांचे गुण मधल्या पट्ट्यात पडतात. थोड्याच आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली तर अनेकांच्या प्रकाराच्या चार अक्षरी नावातले (दर जोडीला एक) एखादे तरी अक्षर बदलते. गुप्तहेराबाबत अडचण आणखी मूलगामी आहे. प्रश्नावली स्वतःविषयी भरायची असते. इथे ती प्रेक्षक भरतो.

शिवाय मनातला तर्क पडद्यावर दिसत नाही, तो कुणाला तरी ऐकवावा लागतो. १९९८ पासूनच्या ‘सीआयडी’त शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न प्रेताशेजारी उभा राहून हात वर धरतो, बोटे हवेत फिरवतो आणि शंका दया-अभिजितपुढे मोठ्याने मांडतो. म्हणून तो ‘बहिर्मुख विचारप्रधान’ ठरतो. पण ही पात्राची वृत्ती की पटकथेची गरज? दुसरे उत्तर अधिक पटते. १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेला रजित कपूर यांचा ब्योमकेश बक्षी ऐकतो जास्त, बोलतो कमी; त्याला अंतर्मुख म्हणणे सोपे जाते. तरीही उलगडा आपल्या मित्राला, अजितला सांगायची वेळ आली की तोही चांगला लांबलचक बोलतो. ‘करमचंद’ (१९८५) मालिकेतल्या गुप्तहेराचे सतत गाजर खाणे तर कोणत्याच अक्षरात बसत नाही.

ठाण्यात या विषयाला वेगळी पार्श्वभूमी आहे. येथील मनोरुग्णालय १९०१ चे. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा मुंबईकडच्या मराठीत त्यावरूनच रूढ झाली, आणि मन तपासणे म्हणजे वेड तपासणे असा समज बराच काळ टिकला. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये येथे सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्याच्या संस्थेने मनाविषयी बोलणे घरगुती केले. गुप्तहेराचे प्रकार पाडणे हा त्या मोकळेपणाचा हलका, करमणुकीचा भाग म्हणता येईल. ठाण्यातल्या तलावपाळीच्या कठड्यावर असा वाद लागला, की गाडी हटकून प्रद्युम्नच्या मुलावर, नकुलवर येते. स्वतःच्या मुलावर गोळी झाडणारा बाप भावनेच्या खान्यात कसा घालायचा, असे एक जण विचारतो. गोळी झाडल्यानंतरचा त्याचा चेहरा आठव, असे दुसरा म्हणतो.