घट्ट अंगठी आणि दीड मीटरचा दांडा

मे महिन्यातली दुपार. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी गाडीखाली उताणा पडलो होतो. बाहेर पारा 45 च्या पुढे गेलेला आणि वरच्या टिनातून आच उतरत होती. गाडी माझ्या मित्राची, 1980 च्या दशकातली परदेशी स्पोर्ट्स कार. पुढे व्ही-8 इंजिन आणि मागच्या चाकांपाशी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मिस्त्रींनी इंजिनामागचं छोटं झाकण काढलं, क्लॅम्पच्या कडेला दांड्यावर पांढरी खूण मारली आणि बोल्टला पाना लावला. बोल्ट सैल होताच 'टक्' असा आवाज झाला आणि क्लॅम्प दांड्यावरून सरकला. खुणेपासून मोजलं, तर जवळजवळ दोन मिलिमीटर.

"काकाजी, हे तर स्प्रिंगसारखं दबून बसलं होतं जी," मिस्त्री म्हणाले.

त्या दोन मिलिमीटरनी माझ्या पोटात गोळा आला. का, ते कळायला या गाडीची ठेवण आधी पाहावी लागेल.

आपल्या बहुतेक गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना चिकटून असतात. काही स्पोर्ट्स गाड्यांत मात्र वजन पुढे-मागे सारखं विभागलं जावं म्हणून गिअरबॉक्स मागे नेतात. 1950 ची लान्सिया ऑरेलिया, 1972 ची अल्फा रोमिओ अल्फेटा, 1977 ची पोर्शे 928 आणि 1997 ची पाचव्या पिढीची कॉर्व्हेट या सगळ्या याच घराण्यातल्या. अशा गाडीत इंजिनाची ताकद मागे पोचवायला लांब दांडा लागतो. आमच्या गाडीत तो पोलादी, साधारण इंचभर जाडीचा, एका नळीत बसवलेला. ऑटोमॅटिक गाडी असल्यामुळे तो इंजिनाच्याच वेगाने अखंड फिरत राहतो. त्याच्या पुढच्या टोकाला उभे दाते कापलेले असतात, म्हणजे स्प्लाइन. हे दाते एका कॉलरमध्ये बसतात, कॉलर एका पातळ पोलादी चकतीला म्हणजे फ्लेक्स प्लेटला जोडलेली असते आणि फ्लेक्स प्लेट इंजिनातल्या मुख्य फिरत्या कण्याला म्हणजे क्रँकशाफ्टला. कॉलरला एक चीर असते. बोल्ट आवळला की चीर मिटते आणि कॉलर दांड्याला आवळून धरते. हाच क्लॅम्प.

इथे बहुतेकांची एक गफलत होते. दांडा फिरवण्याचं काम क्लॅम्प करतच नाही, ते दाते करतात. दांडा मागे-पुढे सरकू न देणं एवढंच क्लॅम्पचं काम आहे. मग एवढा घट्ट आवळलेला क्लॅम्प सरकतो तरी कसा?

बोटात रुतलेली अंगठी आठवा. सरळ ओढली तर जागची हलत नाही, पण फिरवत फिरवत ओढली की निघून येते. रुतलेला खुंटाही आपण गदागदा हलवूनच उपटतो. घर्षणाचा स्वभावच तसा आहे. ते नेहमी प्रत्यक्ष हालचालीच्या उलट दिशेला जोर लावतं. अंगठी गोल फिरू लागली की घर्षणाची सगळी ताकद ते फिरणं अडवण्यात खर्ची पडते, आणि बाहेर सरकण्याला अडवायला जवळपास काहीच उरत नाही.

दांड्याच्या दातांमध्ये केसभर का होईना, ढिलेपणा असतो. अॅक्सिलरेटर दाबला की दाते एका बाजूला टेकतात, सोडला की दुसऱ्या बाजूला. दर वेळी क्लॅम्पच्या आत दांडा सूतभर फिरतो. त्याच क्षणी कुणी त्याला पुढे-मागे ढकललं, की तो सरकलाच. आणि ढकलणारी उष्णता तर तयारच असते. दीड मीटरचा पोलादी दांडा 40 अंशांनी तापला की सुमारे 0.7 मिलिमीटरने लांब होतो. गरम असताना तो एका जागी धरला जातो आणि थंड झाल्यावर दुसऱ्या. मधला ताण फ्लेक्स प्लेट वाकून पोटात घेते आणि वाकलेल्या स्प्रिंगसारखी क्रँकशाफ्टवर दाब देत राहते. आम्ही ऐकलेला 'टक्' हा तोच दाब सुटल्याचा आवाज.

क्रँकशाफ्टने मागे-पुढे सरकू नये म्हणून इंजिनात थ्रस्ट बेअरिंग असतं. क्रँकच्या गोल बेअरिंगांमध्ये तेल पाचरीसारखं ओढलं जातं आणि धातूला धातू लागू देत नाही. थ्रस्ट बेअरिंगचे पृष्ठभाग सपाट असतात. तिथे ही पाचर नीट तयार होत नाही, तेलाचा थर पातळच राहतो. गिअर बदलताना लागणारा क्षणभराचा धक्का हे बेअरिंग सहज सोसतं. रात्रंदिवस एकाच बाजूने रेटणारा दाब त्याला सोसवत नाही. ते झिजतं, मग क्रँक थेट अॅल्युमिनियमच्या ब्लॉकला घासू लागते, आणि एवढं मोठं इंजिन एका हातभर अंतरावरच्या बोल्टपायी निकामी होतं. मला याचंच वाईट वाटतं. बिघाड एका जागी सुरू होतो आणि किंमत दुसरीकडे मोजावी लागते, तीही कसला आवाज न करता.

म्हणून नवा क्लॅम्प मागवण्याआधी आम्ही एंड प्ले मोजला, म्हणजे क्रँक मागे-पुढे किती हलते ते. डायल गेजचा, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या उपकरणाचा, पाय क्रँकच्या टोकाला टेकवला, पहारीने क्रँक एकदा पुढे दाबली, एकदा मागे. या इंजिनाला नवेपणी 0.11 ते 0.31 मिलिमीटर चालतो आणि 0.4 च्या पुढे धोका. काटा 0.26 वर थांबला तेव्हा माझ्या मित्राने बाजूच्या टायरवर चक्क बसकण मारली.

आता निवड. मिस्त्रींचा पहिला सल्ला होता, "वेल्डिंगचा टाका मारून देतो, जन्मात हलनार नाही." मी हात जोडून नाही म्हटलं. उष्णतेने दातांचं पोलाद नरम पडलं असतं आणि दांडा पुन्हा कधी बाहेर काढता आला नसता. दुसरा सल्ला, बोल्ट आणखी आवळा. त्यालाही मर्यादा आहे. बोल्ट आवळताना आपण लावलेल्या जोरातला जवळपास 90 टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो, क्लॅम्पला मिळतो फक्त 10 टक्के. 10 मिलिमीटरचा बोल्ट 60 न्यूटन-मीटरवर आवळला तर कोरडा असताना तो सुमारे 3 टनांनी ओढतो, तेलकट असला तर 4 टनांनी. पाना तोच, आकडा तोच, पकड वेगळी. त्यामुळे टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते सांगणारा पाना, हवाच, आट्या कोरड्या की तेलकट हे बनवणाऱ्याने सांगितलेलं पाळायला हवं, आणि बोल्ट दर वेळी नवा. ताणला गेलेला जुना बोल्ट पुन्हा वापरणं ही मला सगळ्यात खोटी काटकसर वाटते.

खरा दोष आकारात होता. एका चिरेचा क्लॅम्प आवळला की त्याचं भोक गोल राहत नाही, लंबगोल होतं आणि दांड्याला दोन-तीन जागीच टेकतं. दोन बोल्टचा रुंद क्लॅम्प याहून चांगला, कारण पकड जास्त लांबीवर पसरते. काही जण मूळ क्लॅम्पच्या मागे दांड्यावर आणखी एक कॉलर बसवतात. तिने सरकणं अडतं, पण दातांमधली ती सूतभर हालचाल तशीच राहते. माझं मत पाचरीच्या क्लॅम्पकडे झुकलं. कुऱ्हाडीचा दांडा पाचर ठोकून बसवतात तसंच इथे आहे. आतून-बाहेरून उतरत्या अशा दोन कड्या बोल्टने एकमेकींत ओढल्या जातात आणि आतली कडी चहूबाजूंनी सारखी मिटते. दात्यांचा ढिलेपणाच संपतो, म्हणजे अंगठी फिरायचीच थांबते. जोडीला दातांवर लॉकटाइटच्या जातीचा चिकट द्रव लावता येतो. हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श मिळाला की तो घट्ट होतो. फक्त पुढे खोलताना चांगलंच तापवावं लागेल, हे लक्षात ठेवून लावावा.

हा क्लॅम्प लेथवर इथेच बनवून घ्यावा का, यावर आमचा बराच खल झाला. हिंगण्यात हात असलेले कारागीर आहेत, पण इथे प्रश्न तोलाचा होता. मिनिटाला 6000 फेऱ्यांवर, मध्यापासून 3 सेंटिमीटरवर 5 ग्रॅम वजन एका बाजूला जास्त झालं तर ते सुमारे 6 किलोच्या जोराने बाहेर ओढतं, आणि त्याची दिशा सेकंदाला शंभर वेळा गोल फिरते. बॅलन्सिंग करून मिळणार नसेल तर घरचा क्लॅम्प नको, असं ठरलं. तयारच मागवला.

बसवताना फ्लेक्स प्लेट आधी तिच्या मर्जीने सरळ होऊ दिली, मगच बोल्ट आवळले. ही पायरी चुकली तर उत्तम क्लॅम्पसुद्धा चुकीचा ताण घट्ट धरून ठेवेल. मिस्त्रींनी क्लॅम्पच्या कडेपासून दांड्यावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली.

दिवाळीनंतर ऑइल बदलायला गाडी पुन्हा आली. झाकण काढलं, टॉर्चच्या उजेडात रेघ जुळलेलीच होती. मिस्त्रींनी बोल्ट एकेक करून सैल केले. आम्ही तिघंही श्वास रोखून ऐकत होतो. आवाज आला नाही. डायल गेज लावला, काटा 0.26 वर.

"आता आवळू का, काकाजी?"

"आवळा. नवे बोल्ट आणलेत."