पार्श्वभूमी : इसानमधला यकृतकृमी आणि 'पॉझिटिव्ह' या शब्दाचा घोळ

ईशान्य थायलंडच्या इसान भागात तळ्यांतली, भातखाचरांतली लहान मासळी कच्ची खायची जुनी रीत आहे. 'कोइ प्ला' करताना मासा बारीक चिरतात, वर लिंबू पिळतात, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड आणि पाला घालतात. लिंबाने मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं. माशातल्या कृमीच्या अळ्या मात्र जिवंत राहतात. त्यांच्यापासून होणारा ओपिस्थोर्किस विव्हेरिनी हा यकृतकृमी पित्तनलिकेत वर्षानुवर्षं मुक्काम करतो. 1994 मध्ये त्याची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात, झाली.

तोवर तपासणीची पद्धत बसलेली होती. शौचाचा नमुना घ्यायचा, त्यात अंडी दिसली की प्राझिक्वांटेल हे कृमी मारणारं औषध द्यायचं. पण कृमी थोडे असले की अंडी हुकतात, आणि आतड्यातल्या दुसऱ्या बारीक कृमींची अंडी हुबेहूब तशीच दिसतात. म्हणून लक्ष रक्ताकडे गेलं.

खरा वाद इथे सुरू होतो. हॅमस्टरच्या अंगात वाढवलेल्या कृमींचा अर्क 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये बसवतात, त्यावर गावकऱ्यांचं रक्तद्रव घालतात. त्यात प्रतिपिंड, म्हणजे शरीराने कृमीविरुद्ध तयार केलेली प्रथिनं, असतील तर रंग चढतो. किती रंगाला पॉझिटिव्ह म्हणायचं, ही रेघ निरोगी माणसांच्या रक्तावरून आखायची. ती माणसं इसानमधलीच घेतली तर त्यांच्या अंगात जुन्या संसर्गाच्या खुणा असू शकतात. शहरातली घेतली तर त्यांना गावाकडचे इतर जंत झालेलेच नसतात, रेघ खाली येते आणि त्या जंतांचे प्रतिपिंडही याच कृमीच्या नावावर जमा होतात.

रेघ नीट आखली तरी पॉझिटिव्हचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न उरतोच. औषधाने कृमी गेले तरी प्रतिपिंड कित्येक महिने रेंगाळतात. कोविडच्या सेरो सर्व्हेत आपल्याला होऊन गेलेला संसर्गच मोजायचा होता. इसानमध्ये प्रश्न वेगळा आहे, आज गोळी कोणाला द्यायची? जिथे लोकांनी ती अनेकदा घेतली आहे आणि पुन्हा कच्चा मासा खाल्ला आहे, तिथे प्रतिपिंड सापडलेल्या प्रत्येकाला रुग्ण म्हणणं मला साफ चूक वाटतं. गावात रोग किती हे त्यातून फुगवून दिसतं, आणि बरा झालेला माणूस कर्करोगाची भीती घेऊन घरी जातो. मात्र लहान मुलांत प्रतिपिंड सापडले तर ते गंभीरपणे घ्यायलाच हवेत. त्यांच्या आयुष्यात जुनं असं फारसं काही नसतं. गावात संसर्ग अजून चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

गेल्या काही वर्षांत भर प्रतिपिंडांऐवजी प्रतिजनावर आला आहे, म्हणजे कृमीने स्वतः सोडलेल्या अंशावर. तो लघवीतही सापडतो. सुई नको, शौचाची डबी नको. उपचारानंतर काही आठवड्यांत तो खाली येतो, त्यामुळे गोळी लागू पडली की नाही हेही कळतं.