चित्रात बैल, ताटात कोंबडा

बेल्जियममधल्या टीनन या छोट्या शहरात १९९८ साली उत्खननात एका रोमन मंदिराशेजारचा खड्डा सापडला. आत फुटकी भांडी, दिवे, धुपाटणी आणि हाडांचा खच होता. हाडांचा हिशेब लावला तेव्हा किमान २८५ कोंबड्या, १४ कोकरं आणि १० डुकराची पिल्लं निघाली. तिसऱ्या शतकात कधीतरी मोठी पंगत उठली आणि उष्ट्याखरकट्यासकट सगळी भांडी तिथेच पुरून टाकली गेली. मंदिर मिथ्रास या देवाचं होतं.

मिथ्रासच्या पंथाचा एकही धर्मग्रंथ आपल्यापर्यंत पोचलेला नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीपासून चौथ्या शतकापर्यंत स्कॉटलंडच्या सीमेपासून युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपोसपर्यंत त्याची देवळं होती. भक्तांमध्ये सैनिक, जकात नाक्यावरचे कारकून, मुक्त झालेले गुलाम. शिलालेखांत दीक्षा घेतलेल्या बाईचं नाव मात्र सापडत नाही. दीक्षेच्या सात पायऱ्या होत्या, कावळ्यापासून पित्यापर्यंत. देऊळ म्हणजे गुहेसारखी अंधारी, लांबट खोली; दोन्ही बाजूंना रेलून जेवायचे ओटे आणि समोर ठरलेलं शिल्प. टोकाला पुढे वळलेली टोपी घातलेला तरुण मिथ्रास बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून त्याच्या मानेत सुरा खुपसतोय. जखमेकडे कुत्रा आणि साप झेपावलेत, विंचू बैलाच्या वृषणाला डसलाय, जवळच कावळा आहे, आणि बैलाच्या शेपटीतून गव्हाच्या ओंब्या फुटल्यात.

या शिल्पाचा अर्थ लावण्यात विद्वानांच्या पिढ्या खर्ची पडल्या. बेल्जियमच्याच फ्रान्झ क्युमाँ यांनी १८९० च्या दशकात सगळी साधनं गोळा करून मांडलं, की हा इराणचाच धर्म, पश्चिमेला गेलेला. देव मुळात पूर्वेकडचा हे खरंच आहे. ऋग्वेदातला मित्र, अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला मिथ्र आणि पारशी बांधवांचा मेहेर हे त्याचेच भाऊबंद. पण बैल मारणारा मिथ्र इराणी परंपरेत कुठेच दिसेना. १९७१ साली मँचेस्टरला भरलेल्या परिषदेत क्युमाँच्या मांडणीला जोरदार धक्के बसले. मग आकाशाची पाळी आली: बैल म्हणजे वृषभ रास, विंचू म्हणजे वृश्चिक, साप म्हणजे वासुकी हा तारकासमूह. हे जुळतं खरं, आणि गुहेच्या छतावर तारे रंगवलेलेही सापडतात. तरी मला विचाराल तर शिल्पावरच्या तर्कांपेक्षा टीननचं खरकटं जास्त बोलकं आहे.

एक तर, इतकी बैलाची चित्रं असूनही बैल कापल्याच्या खुणा देवळांत जवळपास नाहीत. त्या अरुंद खोल्यांत बैल शिरवणंच मुश्कील. ठिकठिकाणच्या मिथ्रास-मंदिरांत ढिगानं मिळतात ती कोंबड्यांचीच हाडं. टीननमधले तर बहुतेक नर होते. नराच्या पायाला मागे टोकदार काटा असतो, त्यामुळे हाडावरून ओळख पटते. कोकरं आणि पिल्लं वसंतात जन्मतात. दात कितपत आलेत यावरून मरताना त्यांचं वय काय होतं ते कळतं. त्यावरून पंगतीचा काळ निघाला जूनअखेर किंवा जुलैची सुरुवात, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास. आणि हे जेवण शंभरावर माणसांना पुरेल एवढं! तितकी माणसं त्या देवळात मावणंच शक्य नव्हतं. म्हणून उत्खनन करणाऱ्या मार्लीन मार्टेन्स यांचा कयास असा, की या ‘गुप्त’ पंथाचा उत्सव उघड्यावर झाला आणि पंथाबाहेरचे लोकही त्यात जेवले.

विधी कसा दिसत असेल, याचे धागेही वस्तूंतच आहेत. इंग्लंडच्या उत्तर भागात रोमन सम्राट हेड्रियनच्या सरहद्दीवरच्या भिंतीलगत कॅरोबर्गला १९५० साली खणलेल्या मंदिरातल्या एका वेदीवर मिथ्रासची प्रतिमा कोरलेली आहे. त्याच्या डोक्याभोवतीचे किरण दगडात आरपार कोरलेत. मागे दिवा ठेवला, की अंधारात देवाच्या डोक्यातून उजेड फाकणार. जर्मनीत रीगलला तर नाटकातली शोभेल अशी तलवार मिळाली. तिच्या पात्याच्या मधोमध लोखंडी कडं आहे. ते अंगाला अडकवलं, की तलवार आरपार घुसल्यासारखी दिसते. दीक्षेच्या वेळी नवख्याला ‘मारण्याचं’ सोंग करायला ती वापरत असावेत.

दर डिसेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतो, की २५ डिसेंबर हा मूळचा मिथ्रासचा वाढदिवस. इसवी सन ३५४ च्या रोमन पंचांगात त्या तारखेपुढे ‘अजिंक्याचा जन्मदिवस’ एवढंच लिहिलंय, आणि तो अजिंक्य म्हणजे सूर्यदेव सोल, असं अभ्यासक मानतात. मिथ्रासलाही अजिंक्य सूर्य म्हणत, घोटाळा होतो तो तिथेच. त्याच्या देवळांत त्या तारखेच्या जन्मोत्सवाचा पुरावा नाही. टीननच्या हाडांनी दाखवलेली पंगत भर उन्हाळ्यातली आहे.