तालुक्याच्या गावातले अपघात आणि बारा चिंचोके

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आलं की तालुक्याच्या बातमीदाराला एक मथळा हमखास मिळतो. ‘शहरात अपघाती मृत्यू दुप्पट!’ नाहीतर ‘मोहिमेला यश, मृत्यू निम्म्यावर’. दोन्ही मथळे एकाच गावाचे, लागोपाठच्या वर्षांचे असू शकतात. आत वाचावं तर आकडे साधारण असे: गेल्या वर्षी ३, यंदा ६. मग चहाच्या टपरीवर कारणं निघतात. बायपास चुकीचा झाला, पोरांच्या हातात बुलेट आल्या, नवे साहेब कडक नाहीत. पुढच्या वर्षी ६ चे ३ झाले की तेच साहेब कर्तबगार ठरतात.

बायपास चुकीचा असेलही आणि साहेब कर्तबगार असतीलही. पण ३ आणि ६ या आकड्यांवरून यातलं काहीच कळत नाही. का कळत नाही, ते सव्वाशे वर्षांपूर्वी एका अर्थशास्त्रज्ञाने घोड्यांच्या लाथा मोजून दाखवलं होतं.

लाडिस्लाउस फोन बोर्टकिएविच हे त्याचं नाव. प्रशियाच्या घोडदळात दरवर्षी काही सैनिक घोड्याची लाथ बसून मरत, आणि लष्कराने त्याच्या नोंदी नीट ठेवल्या होत्या. बोर्टकिएविचने १८७५ ते १८९४ या २० वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि १८९८ मध्ये त्या छापल्या. त्यातल्या १० तुकड्यांचा हिशोब पाठ्यपुस्तकांत आजही येतो. १० तुकड्या, २० वर्षं, म्हणजे २०० नोंदी. त्यातल्या १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन, आणि एका तुकडीत एका वर्षी चक्क चार. त्या चार मृत्यूंच्या वर्षी तुकडीच्या अधिकाऱ्याला जाब विचारला गेला असेल, घोडे बदलले गेले असतील. पण सगळे घोडे सारखेच खट्याळ आणि सगळे सैनिक सारखेच बेसावध धरून निव्वळ योगायोगाने काय होईल याचं गणित मांडलं, तर उत्तर जवळजवळ हेच येतं. हे गणित सिमेओं प्वासों या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्येच मांडून ठेवलं होतं.

आता तेच आपल्या गावाला लावू. समजा एका गावात अपघाती मृत्यूंची सरासरी वर्षाला ४ आहे, आणि रस्ते, वाहनं, माणसं, पोलीस, काहीही बदलत नाही. तरी दरवर्षी ४ च मृत्यू होणार नाहीत. बरोबर ४ चा आकडा पाच वर्षांतून एखाद्या वेळीच येईल. दहापैकी आठ वर्षं आकडा २ ते ६ च्या मध्ये कुठेतरी हिंदकळत राहील, आणि नऊ-दहा वर्षांतून एकदा तो ७ किंवा त्याहून वर जाईल. २ चे ६ होणं म्हणजे तिप्पट, आणि त्यामागे कारण शून्य.

देशाचं मात्र असं नसतं. २०२१ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,५३,९७२ माणसं गेली, २०२२ मध्ये १,६८,४९१. ही नऊ टक्क्यांची वाढ योगायोगाच्या खात्यावर टाकता येत नाही. एवढ्या मोठ्या आकड्यात निव्वळ योगायोगाचा हेलकावा ढोबळमानाने वर्गमुळाएवढा, म्हणजे चारशेच्या आसपास असतो, आणि इथे फरक साडेचौदा हजारांचा आहे. (२०२१ चा आकडा कमी असण्यामागे काही अंशी टाळेबंदीही आहे, ते वेगळं.) थोडक्यात, देशाला आपले मृत्यू मोजून शिकता येतं. छोट्या गावाला येत नाही, कारण त्याचे मृत्यू, सुदैवाने, फार थोडे असतात.

गाव आणखी एका ठिकाणी फसतं. घरी करून बघा. पाटीवर २० चौकोन आखा, डोळे मिटून वरून १२ चिंचोके टाका. चौकोन म्हणजे गावातले चौक, चिंचोके म्हणजे तीन वर्षांतले गंभीर अपघात. बहुतेक वेळा दोन-तीन चौकोनांत दोन किंवा जास्त चिंचोके सापडतील, आणि दहापैकी तीन-चार वेळा एखाद्यात तीनही. ‘ही जागाच वाईट आहे, बळी घेते,’ असं आपण ज्या वळणाबद्दल म्हणतो, त्यातली काही वळणं खरोखर वाईट असतात आणि काही केवळ हे तीन चिंचोक्यांचे चौकोन असतात. दोन्ही लांबून सारखेच दिसतात.

रस्ते वाहतूक मंत्रालयाची ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्याही मोजदादीवरच उभी आहे. राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे ५०० मीटरचा तुकडा घ्यायचा. तीन वर्षांत तिथे जीवघेणे किंवा गंभीर जखमांचे ५ अपघात झाले असतील किंवा १० मृत्यू, तर तो ब्लॅक स्पॉट. महामार्गासाठी ही रीत ठीक आहे. पण गावातल्या शाळेपुढच्या रस्त्याला ती लावायची म्हणजे आधी पाच घरांनी किंमत मोजायची आणि मग फाइल उघडायची.

आणि एकदा जागा ‘वाईट’ ठरली की पुढे काय होतं? १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्याच महिन्यात, तिथे पुन्हा अपघात होऊ नये म्हणून महामृत्युंजय यंत्र बसवल्याची बातमी आली आणि पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. आता क्षणभर धरून चाला, की ते यंत्र तिथेच राहिलं. त्या जागी पुढच्या वर्षी काय झालं असतं? २५ माणसांचा अपघात त्याच ठिकाणी पुन्हा होण्याची शक्यता मुळातच नगण्य. आकडा खाली येणारच होता, आणि यंत्र सिद्ध ठरणारच होतं.

यंत्राला हसणं सोपं आहे. पण आपण गतिरोधकालाही याच मापाने मोजतो. ज्या वर्षी आकडा सगळ्यात वर गेला, त्याच वर्षी आंदोलन होतं, त्याच वर्षी गतिरोधक पडतो, आणि पुढच्या वर्षी आकडा आपसूक सरासरीकडे उतरतो. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये हे माणसांच्या उंचीत दाखवलं होतं: फार उंच आईबापांची मुलं सरासरीने त्यांच्याहून थोडी बुटकी निघतात. रस्त्यांच्या बाबतीत या चकव्यावर टोरांटोच्या एझ्रा हाउअर यांनी बरंच काम केलं. त्यांच्या रीतीचं सार असं: एखाद्या चौकाचा स्वतःचा आकडा एकटा धरायचा नाही. तशाच घडणीच्या, तेवढ्याच रहदारीच्या इतर चौकांत सरासरी किती अपघात होतात ते पाहायचं, आणि दोन्ही मिसळून अंदाज बांधायचा. म्हणजे तीन चिंचोक्यांचा चौकोन लगेच उघडा पडतो.

गतिरोधकाचं इथे थोडं सांगितलं पाहिजे, कारण ही वस्तू बिचारी फार बदनाम आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने तिचं माप ठरवून दिलं आहे: रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, कमानीसारखा गोलावा. एवढ्या पसरट उंचवट्यावरून ताशी २५ किलोमीटरने गाडी सुखाने जाते आणि त्याहून वेगात गेली की हादरा बसतो. आपल्याकडे रात्रीत उरलेल्या डांबराचा जो उभा बांध घातला जातो, तो या मापाचा कोणीच नसतो. त्यावर सगळेच आदळतात. सावकाश जाणारी गरोदर बाई आणि सुसाट जाणारं पोरगं, दोघांना सारखीच शिक्षा. मग सवयीचे लोक कडेच्या मातीतून गाडी काढतात, जिथे पायी चालणारे असतात.

मृत्यू मोजून कळत नाही, तर काय मोजावं? मृत्यूच्या आधीची पायरी. गावात हिला नाव आहेच: ‘थोडक्यात वाचला’. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्या संशोधकांनी चौकात माणसं बसवून असे थोडक्यात वाचलेले प्रसंग मोजायची पद्धत काढली. करकचून दाबलेला ब्रेक, ऐनवेळी मारलेली कट. पुढे स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठातल्या मंडळींनी ती शास्त्रशुद्ध केली. ज्या क्षणी कोणी ब्रेक दाबला किंवा गाडी वळवली, त्या क्षणी टक्कर किती सेकंदांवर आली होती हे बघायचं. ती दीड सेकंदाच्या आत आली असेल तर तो प्रसंग गंभीर धरत. मरण वर्षाला चार वेळा येतं. असे प्रसंग बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडसमोर तासाभरात दिसतात. आकडा मोठा झाला की योगायोगाचा गोंगाट आपोआप बसतो.

आपल्याकडच्या पोलीस नोंदींत हे येत नाही. किरकोळ अपघातही येत नाहीत. खरचटलं, आरसा फुटला, तर शंभर लोक जमतात, हजार-दोन हजारांवर बोली होते आणि ‘आपसात मिटवलं’. गंभीर जखमी ग्रामीण रुग्णालयातून ‘पुढे हलवा’ म्हणून जिल्ह्याला जातो. तो आठवड्याने तिथे दगावला तरी नियमाने तो रस्त्यावरचाच मृत्यू, कारण आंतरराष्ट्रीय व्याख्येत ३० दिवसांपर्यंतचे मृत्यू धरतात. पण चौकातल्या माणसांच्या लेखी ‘त्याला फक्त पायाला लागलं होतं’.

मोजायची दुसरी गोष्ट वेग. यात योगायोगाला जागा फार थोडी. साधं गणित करून पाहा: ब्रेकवर पाय जायला एक सेकंद आणि कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक धरले, तर ताशी ३० ने येणारी मोटार साधारण १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ५० ने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे सरकते. म्हणजे पहिली जिथे थांबली, तिथे दुसरीच्या चालकाने अजून ब्रेक दाबलेलाही नाही. समोरच्या पोराला ती पूर्ण ५० च्या वेगानेच लागते. स्वीडनच्या गोरान निल्सन यांचं सूत्र सांगतं की जीवघेणे अपघात सरासरी वेगाच्या चौथ्या घाताने बदलतात. वेग १० टक्क्यांनी उतरला तर असे अपघात सुमारे एक तृतीयांशाने उतरतात. दंडाच्या पावत्या किती फाडल्या यापेक्षा शाळेपुढचा सरासरी वेग किती, हा आकडा गावाच्या जास्त कामाचा.

तिसरी गोष्ट नजर. इथे अमेरिकेतल्या होबोकेन गावाचं उदाहरण घेतो. न्यूयॉर्कच्या समोर, हडसन नदीच्या पल्याड, न्यू जर्सीत हे गाव आहे. वस्ती ६० हजारांच्या घरात, म्हणजे आपल्या मध्यम नगरपालिकेएवढी, आणि क्षेत्र जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटर. शेजारच्या जर्सी सिटीत मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे अनेकांच्या पुतण्या-भाच्यांनी ते पाहिलेलं असेल. जानेवारी २०१७ नंतर सलग सात वर्षं या गावात रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. त्यांनी केलेल्या कामांत सगळ्यात साधं काम म्हणजे चौकांचे कोपरे मोकळे केले. चौकाला लागून गाड्या उभ्या करण्याची जागा काढली आणि तिथे खांब, झाडांच्या कुंड्या, पुढे काढलेला फुटपाथ, सायकलींचे स्टँड आणले. ओलांडणाऱ्याला गाडी दिसते, गाडीवाल्याला ओलांडणारा दिसतो. २०२२ मध्ये गावातली वेगमर्यादा ताशी २५ मैलांवरून २० वर, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरवर आणली.

आता मघाचं गणित विसरू नका. समजा तिथली आधीची सरासरी दोन वर्षांत एक मृत्यू अशी असती, तर काहीही न करता सात वर्षं कोरी जाण्याची शक्यता तीन टक्के निघते. अगदीच अशक्य नाही. म्हणून मला होबोकेनच्या शून्यापेक्षा त्यांचे कोपरे जास्त पटतात. शून्य उद्या मोडू शकतं. मोकळ्या कोपऱ्यातून पलीकडचं दिसतं, ही गोष्ट मोडत नाही.

आपला कोपरा आठवा. एका बाजूला रिक्षा, दुसरीकडे रसवंती आणि उसाच्या मोळ्या, तिसरीकडे वडापची जीप प्रवासी भरते आहे, आणि चौथ्या कोपऱ्यावर भाऊंच्या वाढदिवसाचा वीस फुटी फ्लेक्स. मधोमध गोल असतो, पण त्याला वळसा घालायचा असतो हे फक्त ड्रायव्हिंग स्कूलची गाडी पाळते. कारखान्याचं गाळप सुरू झालं की यात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या येतात, आणि अंधारही लवकर पडतो. देशात सर्वाधिक अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळात होतात. ट्रॉलीच्या मागे लावायची परावर्तक पट्टी ही या सगळ्यातली बहुधा सर्वात स्वस्त वस्तू असेल.

वेग मोजायला रडार गन लागते असं नाही. रस्त्यावर खडूने २० मीटर अंतराच्या दोन रेघा मारायच्या, मोबाइल एखाद्या घराच्या गॅलरीत ठेवून चित्रण करायचं आणि नंतर गाडीला रेघेपासून रेघेपर्यंत किती वेळ लागला ते पाहायचं. २.४ सेकंद म्हणजे ताशी ३०, १.४४ सेकंद म्हणजे ५०. अकरावीच्या पोरांना प्रकल्प म्हणून देता येईल. शाळा सुटल्यावरचा एक तास, आठवड्यातून दोनदा, गतिरोधक किंवा पट्टे करण्याआधी महिनाभर आणि नंतर महिनाभर. जमल्यास तेवढेच दिवस काहीच न केलेल्या दुसऱ्या चौकातही, म्हणजे तुलनेला तो उपयोगी पडेल. फक्त मोबाइल ठेवण्याआधी फ्लेक्स कोणत्या कोपऱ्यावर आहे ते बघून घ्यावं. त्याच्या मागून येणारी गाडी चित्रणातही शेवटच्या क्षणीच दिसते.