दारातली नोट आणि गल्ल्यातले पैसे

पाहुणे निघतात. चपला घालता घालता मामा खिशात हात घालतो आणि पोराच्या मुठीत शंभराची नोट कोंबतो. ‘दादा, कशाला?’ असं आई म्हणते. ‘असू दे, खाऊला,’ असं उत्तर येतं. दार लागतं आणि लगेच दुसरं वाक्य ऐकू येतं, ‘दे इकडे, मी ठेवते. हरवशील.’

त्या नोटेचं पुढे काय झालं ते आपल्यापैकी फारच थोड्यांना सांगता येईल, कारण ती पुन्हा दिसलेलीच नसते. तिचा कुणी गैरवापर केलेला नसतो. वह्यांत, भाजीत, सिलिंडरच्या पैशांत ती मिसळून गेलेली असते. ओढाताणीच्या घरात आईला दुसरा मार्गही नसतो, त्यामुळे तिला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण मुलं पैसा कसा शिकतात यावरचं संशोधन वाचताना मला ही दारातली नोट सारखी आठवत राहिली. बचतीबद्दल मुलांना सांगण्यासारखं जे काही आहे, त्यातलं निम्मं त्या नोटेच्या गोष्टीत आहे असं मला वाटतं.

सुरुवात एका जुन्या प्रयोगापासून करू. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने बालवाडीतल्या मुलांसमोर खाऊ ठेवायला सुरुवात केली. कधी बिस्किट, कधी मार्शमेलो नावाची मऊ, गोड वडी. ‘आत्ता खाल्लीस तर एकच मिळेल. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन,’ असं सांगून प्रयोग करणारी व्यक्ती खोलीबाहेर जायची. पुढे त्यातल्या काही मुलांचा माग काढला तेव्हा, जास्त वेळ थांबलेली मुलं शाळेतही पुढे गेल्याचं दिसलं. मग हा प्रयोग जगभर गाजला आणि त्याचा अर्थ सोपा करून सांगितला जाऊ लागला: ज्याच्याकडे संयम, तो यशस्वी. पैशाच्या बाबतीत तर हे फारच चपखल बसलं. थांबणारं मूल बचत करणार, न थांबणारं उधळं निघणार.

पण 2018 साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी 900 हून अधिक मुलांची माहिती घेऊन हा संबंध पुन्हा तपासला. तो पूर्वीच्या तुलनेत निम्माच भरला. मुलाचं घर, आईचं शिक्षण, लहानपणीची परिस्थिती या गोष्टी हिशेबात धरल्यावर तर त्यातलाही बराचसा भाग उरला नाही.

मला स्वतःला याहून मोलाचा वाटतो तो 2013 साली प्रसिद्ध झालेला रोचेस्टर विद्यापीठातला छोटा प्रयोग. सेलेस्ट किड ही संशोधक तरुणपणी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून काम करत होती. तिथल्या मुलांना तिने पाहिलं होतं. यांच्यासमोर खाऊ ठेवला तर यातलं प्रत्येक मूल तो लगेच खाईल, असं तिला वाटलं, आणि त्याचं कारण हावरटपणा नाही हेही तिला कळत होतं. जिथे हातातली वस्तू कोण कधी घेऊन जाईल याची खात्री नाही, तिथे थांबण्यात शहाणपण कसलं?

तिने आणि सहकाऱ्यांनी 3 ते 5 वर्षांची 28 मुलं घेतली आणि त्यांचे दोन गट केले. आधी चित्रं रंगवायला बसवलं. समोर वापरून झिजलेले खडू ठेवले आणि सांगितलं, ‘थोडा वेळ थांब, मी याहून छान रंग आणते.’ एका गटाला ते छान रंग खरोखर मिळाले. दुसऱ्या गटाकडे बाई रिकाम्या हाताने परतल्या, ‘माफ कर, माझी चूक झाली. आमच्याकडे दुसरे रंग नाहीतच.’ मग चिकटचित्रांच्या, म्हणजे स्टिकरच्या बाबतीत हेच पुन्हा केलं. त्यानंतर मार्शमेलो. ज्या मुलांना दोन्ही वेळा शब्द पाळलेला दिसला होता ती सरासरी 12 मिनिटं थांबली. ज्यांची दोनदा निराशा झाली होती ती सरासरी 3 मिनिटंच थांबली. पूर्ण 15 मिनिटं थांबणारी मुलं पहिल्या गटात 14 पैकी 9 होती, दुसऱ्यात 14 पैकी एक. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठा इमला बांधू नये. तरी फरक इतका मोठा आहे की तो नजरेआड करता येत नाही. मुलांचे स्वभाव अर्ध्या तासात बदलत नसतात. समोरच्या माणसाच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा याचा त्यांचा अंदाज तेवढा बदलला होता.

आता दारातली नोट पुन्हा पाहा. ‘मी ठेवते’ म्हणून घेतलेले पैसे तीन-चारदा परत आले नाहीत तर मूल काय शिकतं? पुढच्या वेळी नोट हातात पडली की आईला दिसायच्या आत दुकान गाठायचं. आपण त्याला उधळा म्हणतो. त्याने मात्र अनुभवावरून बरोबर निष्कर्ष काढलेला असतो. गल्ल्याचंही तेच. सुटे नाहीत म्हणून रिक्षासाठी पोराच्या गल्ल्यातून पन्नास काढायचे आणि ‘नंतर टाकतो’ म्हणायचं, हे अनेक घरांत घडतं. ते ‘नंतर’ मूल विसरत नाही.

म्हणून खाऊचे पैसे किती द्यावेत यापेक्षा ते ठरल्या दिवशी द्यावेत हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शनिवार म्हणजे शनिवार. मागावे लागू नयेत, रागावलो म्हणून कापू नयेत, लाड आला म्हणून वाढवू नयेत. पगाराची तारीख चुकली की आपल्या घराचं गणित कसं विस्कटतं ते आपल्याला ठाऊक आहे. मुलाच्या वीस रुपयांनाही तीच शिस्त लागते, नाहीतर पुढच्या शनिवारच्या भरवशावर काही ठरवणं त्याला शक्यच होत नाही. रक्कम ठरवण्याची एक साधी रीत आहे. महिनाभर मूल मागेल तेव्हा खाऊवर, खोडरबरांवर, भेळेवर आपण किती देतो ते लिहून काढायचं आणि त्यातलाच काही वाटा आठवड्याला त्याच्या हाती सोपवायचा. जास्तीचा खर्च होत नाही, निर्णय तेवढा आपल्याकडून त्याच्याकडे जातो.

हे सुरू कधी करावं? इथे ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचं निरीक्षण उपयोगी पडतं. समोर सारख्याच नाण्यांच्या दोन ओळी ठेवायच्या, मग एका ओळीतली नाणी लांब लांब पसरायची. चार-पाच वर्षांचं मूल सांगतं, लांब ओळीत पैसे जास्त. सहा-सातच्या आसपास ते ठामपणे म्हणू लागतं की नाणी तेवढीच आहेत. त्याआधी हिशेब शिकवायला बसणं म्हणजे पाया भरायच्या आधी भिंत उभारणं. इटलीतल्या ॲना एमिलिया बेर्ती आणि ॲना सिल्विया बोम्बी यांनी मुलांना पैसा येतो कुठून असं विचारलं, तेव्हा लहान मुलांकडून एक गोड उत्तर मिळालं: दुकानदार देतो. मुलांचं चुकतं कुठे? आई एक कागद देते आणि दुकानदार वस्तूही देतो, वर मूठभर नाणीही देतो. सुट्या पैशांचं हे कोडं सुटणं हा मुलाच्या आर्थिक समजुतीतला मोठा टप्पा आहे.

आजच्या मुलांना हे कोडं पडतच नाही, याची मला काळजी वाटते. वाण्याकडे, भाजीवाल्याकडे, रिक्षात मोबाइल चौकोनी कोडसमोर धरायचा आणि निघायचं. पाकिटातून काही कमी होताना दिसत नाही, सुटे परत येत नाहीत. मोठ्यांनाही अशा वेळी किती गेले याचं भान राहत नाही. 2001 साली ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव केला. कार्डाने पैसे भरायचे आहेत असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांनी रोखीवाल्यांच्या सरासरी दुपटीहून जास्त बोली लावली. 2007 साली ब्रायन नटसन यांच्या गटाने खरेदी करणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. किंमत अवाच्या सवा दिसली की इन्सुला हा भाग चेतवला जात होता. वेदना किंवा किळस यांसारख्या नकोशा अनुभवातही हाच भाग काम करतो. देताना थोडं दुखतं, आणि ते दुखणं उपयोगाचं आहे. म्हणून निदान नऊ-दहा वर्षांपर्यंत खाऊचे पैसे नाण्यांत आणि नोटांतच द्यावेत, आणि मातीच्या बंद गल्ल्याऐवजी काचेच्या बरणीत ठेवावेत, असं माझं मत आहे. पातळी वर चढताना दिसली पाहिजे आणि उतरतानाही.

बरण्या दोन असल्या तर आणखी बरं. एक या आठवड्याची, दुसरी मोठ्या वस्तूची. 2017 चे नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी याला मनातली खाती म्हटलं आहे: पैसा सगळा सारखाच असला तरी माणूस त्याला नावं देतो आणि नाव दिलेला पैसा सहसा दुसरीकडे वळवत नाही. आपल्या आज्यांना हे कुणी सांगावं लागलं नव्हतं. तुरीच्या डब्यात दिवाळीचे आणि मेथीच्या डब्यात दवाखान्याचे, असं त्यांचं चोख चाललेलं असायचं.

घरकामाचे पैसे द्यावेत का, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. मी देऊ नयेत म्हणेन. 1973 साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी, आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं. एक-दोन आठवड्यांनी तीच मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रांशी रमली. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा दाखलाही बोलका आहे. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले, कारण संकोचाची जागा किमतीने घेतली. पुढे दंड काढला तरी संकोच परतला नाही. ताट उचलणं, पाणी भरणं यांना एकदा भाव लावला की ‘आज मला पैसे नकोत, त्यामुळे काम नाही’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवावी लागते. गाडी धुण्यासारखं एखादं जादा काम वेगळं.

आणि चुका होऊ द्याव्यात. आमच्या पुतणीने आठव्या वर्षी जत्रेत दोन आठवड्यांचे पैसे एका दिव्याच्या भोवऱ्यावर घातले. संध्याकाळपर्यंत दिवा गेला. तिचे बाबा नवा आणायला निघाले होते, आजीने थांबवलं. पोरगी रडली. ते पाहणं कुणालाच सोपं नव्हतं, पण चाळीस रुपयांत हे रडणं स्वस्त होतं. नुसत्या शिकवणीची ताकद किती, याचं उत्तर 2014 साली दोनशेच्या आसपास अभ्यास एकत्र तपासून फर्नांडिस, लिंच आणि नेटमायर यांनी दिलं: लोकांच्या आर्थिक वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम 0.1 टक्का अर्थशिक्षणाच्या वर्गांवरून उलगडतो, आणि शिकलेलं काळाबरोबर विरतं. 2022 साली काटेकोर प्रयोगांच्या आढाव्यात निकाल याहून आशादायक निघाले, त्यामुळे वर्ग निरुपयोगी ठरत नाहीत. पण शिकलेलं वापरायला हातात पैसे असावे लागतात.

आपल्या शाळांमध्ये यासाठी संचयिका ही मुलांची बचत योजना होती. मुलं रुपया-दोन रुपये भरायची आणि हिशेबही मुलंच ठेवायची. आता 10 वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँकेत स्वतःच्या नावाने खातं उघडून ते स्वतः चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये याचे नियम नव्याने स्पष्ट केले आहेत. किती रकमेपर्यंत, ते ज्या त्या बँकेने ठरवायचं आणि खात्यात नसलेले पैसे काढू द्यायचे नाहीत. बरणीतली रक्कम मोजून, स्लिप स्वतः भरून खिडकीशी उभं राहण्याचा अनुभव एकदा तरी मुलाला द्यावा.

भोवरेवालीच्या घरी आता भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या नोंदींशेजारी तिच्या अक्षरातल्या नोंदी असतात. ‘20 मिळाले.’ ‘मामाने 100 दिले, आईकडे.’ मध्यंतरी एका शनिवारी तिचे बाबा विसरले. त्या चौकोनात तिने ‘बाकी 20’ लिहिलं आणि खाली रेघ मारली, बोलली काहीच नाही. पुढच्या शनिवारी बाबांनी चाळीस दिले, तेव्हा पेन शोधून आणून तिने आधी ती बाकी खोडली.