जेनिफर बायबलमधली नाहीच!

वसईला किंवा गोव्यात एखादी तरी जेनिफर भेटतेच आणि आपण धरून चालतो की नाव बायबलमधलं असणार, मारिया-एलिझाबेथसारखं. मीही तेच समजत होतो. पण अख्खं बायबल चाळा, जेनिफर सापडायची नाही, कारण नाव केल्टिक आहे, म्हणजे वेल्श, आयरिश, कॉर्निश या भाषांच्या घराण्यातलं.

जेनिफर हे कॉर्निश रूप, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधलं. तेच नाव वेल्शमध्ये ग्वेनहुइवार, ब्रिटनच्या दंतकथांमधल्या आर्थर राजाची राणी. इंग्रजीत ती ग्विनेव्हर झाली, इटलीत जिनेव्रा (लिओनार्दोच्या चित्रातली जिनेव्रा दे बेंची, तीपण नावाने जेनिफरच की).

खरी मजा पुढे आहे. जुन्या आयरिश कथांमध्ये कॉनाख्टच्या मेव्ह राणीची एक मुलगी आहे, फिन्नवर. आता ग्वेनहुइवार आणि फिन्नवर, ऐकून काही नातं वाटतं का? पण दोन्ही एकच नाव! जुन्या केल्टिकमध्ये ‘विंडोस’ म्हणजे पांढरा, गोरा, आणि शब्दाच्या सुरुवातीच्या ‘व’चा वेल्शमध्ये ‘ग्व’ होतो, आयरिशमध्ये ‘फ’, तेही मनाला येईल तसं नाही, नियमाने. आपला संस्कृत ‘वीर’ घ्या, त्याचा वेल्श भाऊ ‘गूर’ आणि आयरिश भाऊ ‘फ्यार’, दोन्हीचा अर्थ पुरुष. ‘विधवा’ वेल्शमध्ये ‘ग्वेदू’. तसंच विंडोसचं इकडे ग्वेन झालं, तिकडे फिन्न.

उरला मागचा तुकडा, ग्वेनहुइवारमधला ‘हुइवार’. त्याचा अर्थ भूत किंवा छाया, आणि तो मुळात ‘स’ने सुरू व्हायचा. वेल्शमध्ये या ‘स’चा बऱ्याचदा ‘ह’ होतो, सिंधूचं हिंदू झालं ना, तीच सवय. ‘सनातन’मधला जो ‘सन’ आहे, जुना या अर्थाचा, तो आयरिशमध्ये ‘शान’ आणि वेल्शमध्ये ‘हेन’. म्हणजे जेनिफरचा अर्थ निघाला पांढरी छाया, पांढरं भूत! आता पोरीचं नाव भूत कोण ठेवतं म्हणा, पण मला वाटतं त्यांच्या डोक्यात अमावस्येचं भूत नसून अप्सरा टाइप काहीतरी असावं.

कॉर्नवॉलबाहेर हे नाव फारसं कुणी ठेवत नव्हतं. १९०६ मध्ये बर्नार्ड शॉच्या ‘द डॉक्टर्स डिलेमा’ नाटकाची नायिका जेनिफर झाली, आणि ती कॉर्नवॉलचीच असल्यामुळे नाव कुठलं हेही नाटकातच येतं. मग हळूहळू पसरलं ते असं की १९७० ते १९८४, सलग १५ वर्षं अमेरिकेत जन्मलेल्या मुलींमध्ये जेनिफर नंबर एक. तोवर कॉर्निश घराघरात बोलली जायची बंद होऊन दीडेकशे वर्षं तरी उलटून गेली होती.

आणि आपल्याकडे १९७८ मध्ये शशी कपूरसोबत जुहूला पृथ्वी थिएटर उभं करणाऱ्या जेनिफर केंडल, त्याही या पांढऱ्या छायेच्याच नावाच्या.