मिनी-टॅब्लेट

मिनी-टॅब्लेट : तोंडाने घ्यावयाच्या औषधाची, दाबून घडवलेली साधारण 1 ते 3 मिमी. व्यासाची गोळी. 2 मिमी. व्यासाची गोळी बारीक साबुदाण्याएवढी दिसते. तिचे वजन सुमारे 7 मिग्रॅ. भरते.

वरच्या मर्यादेविषयी एकमत नाही. बहुतेक युरोपीय संशोधक 3 मिमी. धरतात, काही 4 मिमी.पर्यंत जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2012 मध्ये अन्नावर शिंपडावयाच्या कणांसाठी 2.5 मिमी. मर्यादा सुचवली, परंतु तिचा रोख कण न चावता गिळले जावेत यावर होता. व्याख्येसाठी 3 मिमी. हीच मर्यादा अधिक सोयीची वाटते. पेलेटशी, म्हणजे साच्यात न दाबता वळलेल्या औषधाच्या गोलसर कणाशी, होणारी गल्लत मात्र कायम आहे. मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या लहान मुलांसाठीच्या लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर या एचआयव्हीवरील औषधाला शोधनिबंधांत मिनीटॅब आणि पेलेट अशी दोन्ही नावे आढळतात.

उत्पादनात एका पंचाला (भुकटी दाबणाऱ्या दट्ट्याला) अनेक टोके बसवतात. त्यामुळे यंत्राच्या एका फेरीत पुष्कळ गोळ्या निघतात. 2 मिमी. टोकाचे क्षेत्रफळ जेमतेम 3.14 चौ.मिमी. असते. 200 मेगापास्कल दाबासाठी एका टोकावर सुमारे 0.63 किलोन्यूटन बल पुरते. मोठ्या गोळीच्या सवयीने बल लावल्यास टोक वाकते किंवा तुटते. टोकांच्या लांबीत किंचित फरक असला तरी लांब टोकाखालची गोळी जास्त दाबली जाते आणि आखूड टोकाखालची भुसभुशीत राहते. डायचे (भुकटी ज्यात भरतात त्या साच्याचे) छिद्र अरुंद असल्याने भुकटी मोकळी वाहणारी हवी, आणि सर्वांत मोठा कण छिद्राच्या व्यासाच्या एक-तृतीयांशाहून लहान असावा. छिद्र अर्धवट भरले तर वजन ढळते. 7 मिग्रॅ.च्या गोळीत 0.25 मिग्रॅ. औषध असेल, तर मिश्रणातली थोडी असमानताही मात्रा बिघडवते.

कठीणपणा न्यूटनमध्ये मोजून मोठ्या गोळीशी तुलना करणे ही नेहमीची चूक. 2 मिमी. व्यास व तेवढ्याच जाडीची चपटी गोळी 10 न्यूटनला फुटली, तर तिचे ताणबळ (आकारमानाचा हिशेब धरून काढलेली मजबुती) 1.6 मेगापास्कल येते, 8 मिमी. व्यासाच्या, 4 मिमी. जाडीच्या गोळीला त्यासाठी 80 न्यूटन लागतात. 10 हा आकडा पाहून गोळी नाजूक ठरवू नये.

लेपाचे गणितही बदलते. याच दोन गोळ्यांत लहानीचे पृष्ठफळ आकारमानाच्या मानाने तिप्पट आहे. मोठ्या गोळीला वजनाच्या 3 टक्के लेप पुरत असेल, तर तेवढ्याच जाडीसाठी लहानीला सुमारे 9 टक्के लागतो. दीर्घकाळ औषध सोडणारी रचना करणे म्हणूनच अवघड जाते. सच्छिद्र कोटिंग पॅनच्या छिद्रांतून गोळ्या निसटतात, म्हणून गोळ्या हवेच्या झोतात तरंगत ठेवून लेप देणारे वायुतरंगी यंत्र बरे. पेलेटपेक्षा येथे फायदा असा की साच्यातली गोळी एकसारखी व गुळगुळीत असल्याने लेपाची जाडी सारखी राहते.

बालकांसाठीचे महत्त्व निर्विवाद आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात 6 महिने ते 6 वर्षे वयाच्या 60 मुलांत लेपहीन 2 मिमी. गोळी आणि सरबत यांची तुलना केली गेली. नंतर 151 नवजात अर्भकांतही अशीच पाहणी झाली. तोंडात विरघळणारी एनालाप्रिल या हृदयविकारावरील औषधाची 0.25 मिग्रॅ. गोळी आणि मेलाटोनिन या झोपेच्या औषधाची 3 मिमी. गोळी ही युरोपातली मान्यताप्राप्त उदाहरणे. अनेक गोळ्या एका कॅप्सूलमध्ये भरून जलद व विलंबित औषध एकत्र देता येते.

देताना मऊ, गार अन्नात मिसळून लगेच भरवावी, चिरडू नये. आम्लरोधी, म्हणजे जठरातल्या आम्लात न विरघळणाऱ्या लेपाची गोळी दुधात किंवा खिरीत टाकू नये, कारण दुधाचा सामू 6.7 च्या आसपास असतो आणि 5.5 च्या वर विरघळणारा लेप तेथेच सुटू लागतो. दही त्यामानाने आम्ल आहे, तरी वेष्टनावरची सूचना आधी पाहावी. मिसळलेले अन्न पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.